कॅम्पातली आई

आमच्या आईला मिशा होत्या. पगारपत्रकावर तो कणकवलीकडचा वेल्डर. पण नव्वदच्या दशकात शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या लेबर कॅम्पात त्याला सगळे आईच म्हणत. गावी दशावतारात बायकांची सोंगं केलेला माणूस. दर वर्षी तिथल्या नॅशनल डेच्या सुट्टीत मिशी काढून लुगडं नेसायचा आणि स्वतः लिहिलेल्या नाटकात आई व्हायचा.

नाटक एवढंच, की वाण्याच्या दुकानातल्या फोनवर म्हातारी दुबईतल्या मुलाला सांगते, "मी बरी आसंय. तू जेवतंस मां?" आणि फोन ठेवून मटकन खाली बसते. त्याच्या स्वतःच्या आईनं हेच खोटं सांगितलं होतं. आठ दिवसांत ती गेली. पासपोर्ट कंपनीकडे, रजा मिळेपर्यंत तेरावंही उरकलं. प्रयोगानंतर स्लॅबच्या फळ्या ठोकणारे दांडगे शटरिंगवाले रडत त्याच्या पाया पडायचे. "आशीर्वाद फुकट आसा, घेवा मेल्यांनो," म्हणत तो प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवी.

लंडनच्या एका दिग्दर्शकानं तो प्रयोग पाहिला आणि त्यावर ब्रिटिश सिनेमा करायचं ठरवलं. मी ऑफिसात टायपिस्ट, म्हणून इंग्रजी भाषांतर माझ्याकडे आलं आणि मी भलताच भाव खाऊ लागलो. त्या दिग्दर्शक साहेबानं मला विचारलं, "आईचं काम यालाच द्यावं का?" मी शहाणपणा पाजळला, "सर, फिल्ममध्ये खरी बाई पाहिजे. लोक हसतील." साहेब तोवर विचारातच होता, माझ्या बोलण्यानं पक्कं झालं.

काम बाईला दिल्याचा निरोपही त्याला मीच दिला, साहेबाच्या नावावर. त्यानं मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "बरोबर आसा. कॅमेरो लय जवळ येता."

लंडनहून आलेल्या नटीला त्यानंच तीन दिवस शिकवलं: रिसीव्हर कसा धरायचा, खोटं बोलताना पदर कसा मुठीत आवळायचा. दुबईतल्या अल क्वोज भागात एका गोदामात शूटिंग झालं. तिनं पहिल्याच टेकला सगळ्यांना रडवलं. टाळ्या पडल्या तेव्हा तो बाहेर उन्हात जाऊन बसला होता.

पुढच्या वर्षी आम्ही नाटकाचा विषय काढला. "नाय रे," तो म्हणाला. "तोंड उघडलंय की त्या बायचोच आवाज येता. माझी आवस आता माका भेटाची नाय."

वर्षातून एकदा, तासभर, त्याला आई भेटत होती. ती भेट मी तोडली.

तो नोकरी सोडून गावी निघाला तेव्हा एअरपोर्टवर पोचवायला मीच गेलो. तो सल्ला माझाच होता, हे सांगून टाकायचं ठरवलं होतं. त्यानं माझे दोन्ही हात धरले. "तुझे उपकार रे. तुझ्यामुळे माझी आवस विलायतेक गेली."

मी नुसती मान हलवली.