विमलआत्याच्या शेतातला उभा दगड

मागच्या आठवड्यात ब्लॉगच्या एका वाचकाचा निरोप आला. "काका, माझ्या विमलआत्याच्या शेतात उभा दगड आहे. आत्याच्या दिरानं शेत विकलं, आता तिथं प्लॉट पाडायला लेआउट पडून राहिलं. दगड हजारो वर्षांचा निघाला तर लेआउटवाला तेवढा कोपरा सोडतो म्हणते. येता का?" दगड म्हटलं की माझ्या पायाला भिंगरी. शिक्षण जेमतेम मॅट्रिक, पण पंधरा वर्षं विदर्भातली शिळावर्तुळं पालथी घातली आहेत.

सकाळी सातला नंदनवनातल्या घरून स्कूटर काढली. वाडीपर्यंत ट्रकांमागे धूर खात तास जातो, तेव्हा लवकर निघा. पुढे अमरावती रोडवर तर्रीपोहे, तीस रुपये प्लेट, आणि फाट्यापासून चार किलोमीटर कच्चा रस्ता. उन्हाची टोपी विसरू नका.

साठीच्या विमलआत्या दगडाशीच उभ्या होत्या. लेआउटवाला गाडीच्या सावलीत. दगड काळा, कमरेइतका. मी उकिडवा बसलो. जुन्या दगडाच्या कडा झिजून गोल होतात, अंगावर दगडफूल चढतं, बुडाशी आधाराच्या चिपा ठोकलेल्या सापडतात. इथं कडा धारदार. मागच्या अंगाला यंत्रानं पाडलेल्या भोकाची अर्धी नळी, बोट सरकेल इतकी गुळगुळीत.

"नवा आहे हो!" मी मोठ्यानं म्हणालो. "पैज लावा. खदानीतला माल. चाळीस वर्षंही झाली नसतील."

लेआउटवाला तिथूनच जेसीबीवाल्याला फोन लावत बाजूला गेला.

"काहून सांगतलं गा भाऊ?" आत्या हळूच म्हणाल्या. "खाली मायी लेक हाय. तीन महिन्याची होती. लहान लेकराले जाळत नाही ना. नांगर लागू नये म्हून घरच्यायनं दगड रोवला. याले खरं सांगतलं असतं तर यानं तवाच उकरून फेकलं असतं. मसनावर प्लॉट कोन घेते?"

मी धावतच लेआउटवाल्याकडे गेलो. "थांबा, पुन्हा बघू द्या. नजरचूक झाली असेल."

तो हसला. "काय काका! आत्ता तर पैज लावून राहिले होते ना!"

परतीच्या वाटेवर पोह्यांच्या टपरीपाशी थांबलोच नाही.

काल निरोप पाठवणाऱ्या त्या भाच्याचा फोन आला. दगड निघाला. जेसीबी यायच्या आधीच आत्यानं त्या जागची माती पाटीत भरून घरी आणली, आणि तेव्हापासून ती एकच विचारते आहे, "आता हिले कुठं ठेवू?"

"काका, काय सांगू तिला?" तो म्हणाला.