कणसरीची शपथ

नोकरीतले पुष्कळ तपास विस्मरणात गेले. मोखाड्याचा हा एक मात्र अजून मनातून जात नाही.

जव्हार संस्थान विलीन होऊन काही वर्षे झाली होती आणि पहिलीच निवडणूक तोंडावर आली होती. मी मोखाड्याला फौजदार होतो. आठवड्याच्या बाजारात बंदोबस्त पाहत असताना सूर्यमाळेकडची एक बाई थेट पुढ्यात येऊन उभी राहिली. हातात रिकामी पाटी.

"सायेब, धर्माचं धान्य देतात न् शपथ घ्याया लावतात. कणसरीची. अमक्याच पेटीत मत टाकीन म्हून. मी नाय घेतली, तं माना नागली नाय दिली."

तेव्हा प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे. नागली म्हणजे नाचणी, आणि कणसरी ही इथल्या पाड्यांची धान्यदेवता. तिची शपथ मोडली तर शेत पिकत नाही, ही लोकांची श्रद्धा. धान्य वाटणारी संस्था धर्मादाय. सरकारने तिला करमाफी दिली होती ती गरिबांसाठी, कोणाच्या प्रचारासाठी नव्हे.

गुन्हा अदखलपात्र होता. मामलेदार दंडाधिकारीही होते. त्यांची परवानगी घेऊन मी पाडे फिरलो. कोणी बोलेना. शपथेबद्दल बोलणे हेच त्यांना शपथ मोडल्यासारखे वाटे.

संस्थेच्या धान्यकेंद्राचे व्यवस्थापक सज्जन गृहस्थ. तापाच्या साथीत घरोघर फिरून त्यांनी माणसे जगवली होती. ठाण्यात त्यांनी सगळे नाकारले. सज्जन माणसावर ओरडून उपयोग नसतो. तो आणखी मिटतो. मी त्या बाईला आत बोलावले.

"भाऊ, माझी पोर तुमीच वाचवली," ती त्यांना म्हणाली. "तवा शपथ नाय मांगली. आता कशाला मांगता?"

तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, "आमचे एक विश्वस्त उमेदवार आहेत. मते पडली नाहीत तर केंद्र बंद करीन म्हणाले. मला वाटलं, शपथ घेतली तर निदान कोणी उपाशी राहणार नाही."

"ही राहिली ना?" मी विचारले.

त्यांनी जबाब दिला. मतदानाआधी ते स्वतः पाड्यापाड्यावर गेले. मूठभर नागली हातात घेऊन सांगत, "ती शपथ मी घ्यायला लावली. दोष लागला तर मला लागो." लोक नुसते ऐकून घेत.

पुढे व्यवस्थापकांना दंड झाला. त्या उमेदवार विश्वस्तांनी कानांवर हात ठेवले आणि ते सुटले. बंद पडलेले केंद्र नव्या माणसांच्या हाती सुरू होईपर्यंत पाड्यांनी कंदमुळांवर दिवस काढले, त्या बाईनेही.

धमकी देणाऱ्याविरुद्ध माणूस कधीतरी ठाण्याची पायरी चढतो. उपकार करणाऱ्याविरुद्ध बोलायला फार मोठी छाती लागते. धान्य घ्यायला आलेल्याला 'नाही' म्हणणे परवडत नाही. म्हणूनच धान्य देणाऱ्याने त्याच्याकडे मत मागू नये.