म्या गोळी चुकवली न्हाय

“गोळी गिळत होतीस का उकिरड्यावर टाकत होतीस?”

मॅडमनी विचारलं. हळू न्हाय. दार उघडं होतं. बाहेर बाकड्यावर बाया बसलेल्या, त्यातल्या दोघी आमच्याच गल्लीतल्या. सगळ्यांना ऐकू गेलं.

मी उंबऱ्यात उभी होते. धड आत न्हाय, धड बाहेर न्हाय. मला टीबी झालेला. औषध चालू होतं, खोकला थांबला होता. आता तुमच्यापासून कुणाला लागत न्हाय, असं टीबीच्या दवाखान्यात सांगितलं होतं. ते म्या मॅडमला पण सांगितलं. तरी त्यांचं एकच. “आत येऊ नकोस. तिथूनच बोल. तोंडावर पदर घे.” म्हणून माझं सगळं बोलणं उंबऱ्यातनं व्हायचं. पाळी कधी आली, नवरा घरी कधी आला, सगळं. पदराआडनं ऐकू जात न्हाय म्हणून मोठ्यानं बोलावं लागायचं.

त्या दिवशी तपासणीत दिवस गेल्याचं निघालं.

“रोज खाल्ली मॅडम.”

“रोज खाल्ली असतीस तर दिवस गेले असते का? गोळी खोटं बोलत नाही. बायका बोलतात.”

बाकड्यावर कुणीतरी हसलं.

“चूक झाली म्हण. त्याशिवाय पुढचं सांगणार नाही.”

“चूक झाली.”

“जोरात. तिथून ऐकू येत नाही.”

“माझी चूक झाली मॅडम.”

म्हणले. सगळ्यांपुढं म्हणले. आजही तो आवाज कानात येतो. माझाच आवाज.

मॅडम म्हणजे आमच्या मालकांची डॉक्टर सून. मालक म्हणजे ज्यांच्या रानात मी, माझी सासू, निम्मी गल्ली खुरपायला आन सोयाबीन काढायला जाते ते. लोहाऱ्याच्या अलीकडं आमचं गाव. दवाखाना मालकांच्याच घराच्या खालच्या मजल्यावर. म्हणजे सकाळी ज्या घरचं रान खुरपायचं, संध्याकाळी त्याच घरी औषधाला जायचं. तिथं तोंड वर करून बोलायची कुणाची छाती न्हाय. माझी तर न्हायच न्हाय.

मला दोन पोरी. माझा नवरा उसाच्या हंगामात ढोकीकडं ट्रॅक्टरवर असतो, मधूनच घरी येतो. टीबीनं माझी हाडं वर आली होती. आता तिसरं नको, एवढं आमचं दोघांचं ठरलं. म्हणून मीच मॅडमकडं गेले होते. त्यांनी दिवस न राहायच्या गोळ्यांचं पाकीट कंपाउंडर पोरीच्या हातात दिलं, पोरीनं माझ्या. “रोज एक. विसरलीस तर मग माझ्याकडं रडत येऊ नकोस.” बस, एवढंच.

मी विसरले न्हाय. टीबीच्या गोळ्या सकाळी उपाशीपोटी, ही गोळी दिवेलागणीला. थोरली पोरगी चौथीत. तुळशीपुढं दिवा लावला की ती वरडायची, “आई, गोळी!” मंग मी हातातलं काम टाकून गोळी घ्यायची.

पण त्या दिवशी उंबऱ्यात ‘चूक झाली’ म्हणाले, आन मंग मलाच ते खरं वाटायला लागलं.

किती दिवस मी डोकं पोखरत बसले. अणदूरला माहेरी खंडोबाच्या यात्रेला गेले होते, तवा पाकीट पिशवीत होतं. खाल्ली का? खाल्ली. आईनं पाणी दिलं होतं. पण ते त्याच दिवशीचं का दुसऱ्या? एकदा उलटी झाली होती. ती गोळीच्या आधी का नंतर? रिकामी पाकिटं म्या टाकली नव्हती. ती काढून उजेडात धरली. सगळी घरं फुटलेली, एक पण गोळी शिल्लक न्हाय. तरी वाटायचं, एखादी काढताना खाली पडली आसंल. कोंबडीनं खाल्ली आसंल. खुरपताना हेच, भाकरी थापताना हेच. भाकरी तव्यावर करपायची.

नवरा आला. त्याला सांगितलं. तो म्हणाला, “मुद्दाम केलंस व्हय? पोरगं पायजे म्हणून?”

म्या काय बोलावं? जिनं सगळ्यांपुढं चूक कबूल केली, तिचं कोण ऐकणार?

सासू म्हणाली, “झाली चूक तर झाली. देवाच्या मनात आसंल.” ती चांगल्या मनानं म्हणाली. पण चूक माझीच, हे तिनं पण धरूनच चाललेलं.

ते लेकरू मला नको होतं. हे पण सांगते, झाकत न्हाय. उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची, त्यात आणखी एक जीव कुठं वाढवू? म्या ठरवलं, नवऱ्यानं मान हलवली. मॅडमला विचारलं तर म्हणाल्या, “टीबीच्या बाईचं मी करत नाही. धाराशिवला जा.”

एस्टीनं धाराशिवला गेलो. तिथल्या सरकारी दवाखान्यात एक पोरसवदा डॉक्टर होता. मी सवयीनं दारातच थांबले, पदर तोंडावर घेतला. तो म्हणाला, “या ना ताई, बसा.” मला खुर्चीवर बसताना पण अपराध्यासारखं झालं. काय झालं विचारायच्या आधीच म्या सांगून टाकलं, “माझी चूक झाली. गोळी चुकली आसंल.”

त्यानं लिहिता लिहिता विचारलं, “सोबत आणखी कुठलं औषध चालू आहे?”

म्या पिशवीतनं टीबीच्या गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या.

तो लिहायचा थांबला. “या चालू असताना ती गोळी दिली? कुणी?”

“आमच्या गावच्या मॅडमनी.”

“त्यांना टीबीचं माहीत होतं?”

मला हसू आलं. रडायच्या जागी हसूच आलं. “व्हय. लई चांगलं माहीत होतं.”

मंग त्यानं सांगितलं. टीबीच्या ज्या औषधानं लघवी लाल होते, तेच औषध दिवस न राहायच्या गोळीचा असर मोडून टाकतं. रोज खाल्ली तरी तिचा भरवसा न्हाय. टीबीचं औषध संपल्यावर पण महिनाभर न्हाय. “टीबीच्या गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत, काही झालं तरी. त्या काळात तांबी बसवायची, नाहीतर निरोध वापरायचा. हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं.”

“मंग माझी चूक?”

“तुमची कसली चूक?”

पुढं तो म्हणाला, टीबी नसता तरी ही गोळी कुणाच्या पण हातात अशी ठेवायची नसती. आधी बीपी बघायचा. अर्धं डोकं दुखून डोळ्यांपुढं चमकतं का, कधी पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती का, कावीळ हाय का, तान्हं लेकरू अंगावर पितं का, बिडी ओढते का, दुसरं औषध कुठलं, हे सगळं विचारायचं. मॅडमनी यातलं काय विचारलं, ते मी आठवत होते. काहीच न्हाय. उंबऱ्यात उभ्या बाईचा बीपी तरी कसा बघणार?

दुसऱ्या दिवशी तिथंच माझी गर्भाची पिशवी साफ केली. परत येताना खिडकीशी बसले. चूक माझी न्हाय, हे कळलं होतं. मंग हलकं वाटायला पाहिजे होतं. न्हाय वाटलं. पोटात दुखत होतं आन डोक्यात एकच, कुणीतरी आधी एक गोष्ट विचारली असती, तर हे झालंच नसतं. ज्याला यायचंच नव्हतं ते आलं आन म्या ते काढून टाकलं. हे कुणाच्या नावावर घालू?

नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं मान खाली घातली. “मला माफ कर,” म्हणाला. आन लगेच, “पण जाऊ दे आता. त्यांच्याशी वाकडं घेऊन खायाचं काय?”

ते पण खरंच होतं. मी गप बसले. खरं माहीत असून गप बसले. रोज त्यांच्याच रानात जात होते. बाया माझ्याकडं बघून एकमेकींना म्हणायच्या, “गोळी ध्यानात ठेवून खा बाई, न्हायतर हिच्यावानी व्हायचं.” मी खुरपं चालवत राहायची.

एके दिवशी थोरली पोरगी माझ्यासंगं भांडी घासत बसली होती. तांब्या घासता घासता, खाली बघूनच म्हणाली, “आई, म्या एखाद्या दिवशी सांगायचं विसरले आसंल का गं?”

“काय सांगायचं?”

“गोळीचं.”

माझे हात राखेतच राहिले. ही पोर कधीपासून हे मनात घेऊन फिरत होती? शाळेत जात होती, बहिणीला खेळवत होती, आन आत हे. मॅडमचं बोललेलं म्या गिळलं होतं. नवऱ्याचं गिळलं, बायांचं गिळलं. हे गिळवंना. माझ्या गळ्यात टाकलेला अपराध माझ्या गळ्यातनं पोरीच्या गळ्यात गेला होता. मी गप बसले म्हणून गेला होता.

तिला जवळ ओढलं. “न्हाय गं बाई. तू विसरली न्हाईस. मी पण न्हाय. टीबीच्या औषधानं ती गोळी मोडली. मॅडमनी विचारायला पायजे होतं.”

तिनं माझ्याकडं बघितलं. “मंग तू सगळ्यांपुढं चूक झाली का म्हणालीस?”

म्या तिच्या हातातला तांब्या घेतला आन घासत राहिले.

थोड्या दिवसांनी शाळेच्या पटांगणात बायांचा मेळावा होता. मॅडम पाहुण्या. आदल्या दिवशी कंपाउंडर पोरगी निरोप घेऊन आली, “उद्या पुढं बसायचं. मॅडम सांगतील तवा उठायचं आन गोळी विसरल्यावर काय होतं ते सांगायचं. तुझं ऐकून बाकीच्या सुधारतील म्हणाल्या.”

मी गेले. पुढंच बसले. मॅडमची शाल झाली, नारळ झाला. भाषणात त्यांनी माझ्याकडं हात केला. “ही बघा. आपल्याच गावातली. हिला विचारा, एका गोळीचा आळस केला की काय होतं.” आन मला म्हणाल्या, “ऊठ. सांग.”

उठले. कुणीतरी माइक हातात दिला. सासू मागं बसली होती, तिच्याकडं वळून बघायचं मला धाडस झालं न्हाय. पदर तोंडावरनं खाली घेतला.

“म्या गोळी चुकवली न्हाय,” म्हणले. “एक बी न्हाय. मला टीबी हाय. टीबीच्या औषधात ही गोळी लागू पडत न्हाय. धाराशिवच्या डॉक्टरनं सांगितलं. मॅडमला ठावं व्हतं मला टीबी हाय. मला लांब उभं करायला त्यांना टीबी आठवला. गोळी देताना न्हाय आठवला.”

माझ्या हातातला माइक घ्यायला मॅडमनी हात पुढं केला.

“खाली बस,” मॅडम म्हणाल्या. “कुठूनतरी अर्धवट ऐकून यायचं आणि—”

“बसणार न्हाय. तुमी डॉक्टर हाय. तुमीच सांगा ह्या बायांना. टीबीच्या औषधासंगं ही गोळी चालती का?”

त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मंग मागनं आमच्या गल्लीतली सुमन उठली. तिला फिट येतात, लग्नाआधीपासून औषध चालू. ती म्हणाली, “आन फिटच्या गोळ्यासंगं, मॅडम? मला बी तुमीच दिलीय की.”

“ते... कुठलं औषध आहे ते बघावं लागतं.”

“मंग बघितलं का न्हाय?”

मॅडमना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं. त्या गेल्या. चूक झाली, असं काही त्या म्हणाल्या न्हाईत. त्यांना म्हणायला लावणारं गावात कुणी न्हाय.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या रानातनं मला परत पाठवलं. सासूलाही. सासू लई दिवस माझ्याशी बोलली न्हाय. आता मी जीपनं लांबच्या गावात खुरपायला जाते. दवाखाना तसाच चालू हाय. बाया तिथंच जातात. मी जाऊ नका म्हणत न्हाय. जवळ दुसरं हाय कुठं?

पिशवी साफ केल्याचं माझ्या मनातनं गेलं न्हाय. जाणार पण न्हाय बहुतेक. तेवढं माझं मी वागवीन. त्यांची चूक मात्र वागवणार न्हाय. आन माझ्या पोरीला तर तिचा वारा पण लागू देणार न्हाय.

परवा सुमनसंगं मी दवाखान्यात गेले. मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या. “तू कशाला आलीस?”

“विचारायला,” म्हणले. “आधी तिचा बीपी बघा. तिच्या फिटच्या गोळ्या बघा. मंग काय द्यायचं ते द्या.”

त्यांनी बघितलं. रागानं बघितलं, पण बघितलं. मला तेवढंच पाहिजे होतं. मला त्यांची माया नको.

पुढच्या बाईसंगं पण मी जाणार. एका दिवसाचा रोजगार बुडला तरी जाणार, दारातनं हाकललं तरी जाणार. विचारल्याबिगर, तपासल्याबिगर या गावातल्या एका पण बाईच्या अंगात आता गोळी जाऊ देणार न्हाय.