अप्पांचा मुकटा

अंबूताईंचा विश्वास कुणावरच नव्हता. गवळ्याने डोळ्यांदेखत म्हैस पिळली तरी आधी त्याला चरवी उपडी करून दाखवावी लागे. भाजीवाली शेवंता नेहमीपेक्षा गोड बोलली की त्या दिवशी भाजी परत तोलली जाई. पण त्याला कारणही होतं. कळत्या वयाआधीच कपाळ पुसलं गेलं, लाल आलवण नेसून माहेरी आल्या, पाठोपाठ आई गेली, अप्पा गेले, आणि पदरात राहिला तो धाकटा भाऊ पद्मनाभ. विश्वासावर घर चालवलं असतं तर लोकांनी केव्हाच धुऊन नेलं असतं.

पद्मनाभ मोठा झाला, हुबळीत रेल्वेच्या कचेरीत कारकून झाला, तिथल्याच केशवापुरात बिऱ्हाड झालं. तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं आणि कचेरीतला मोठा साहेब विलायतेला परत निघाला होता.

"अक्का, साहेबानं निरोपाचं जेवण ठेवलंय," एका संध्याकाळी पद्मनाभ म्हणाला. "रविवारी दुपारी, स्टेशनापलीकडच्या हॉटेलात. सगळ्या कचेरीला बोलावलंय."

"जेवायला? त्यांच्या पंगतीला?"

"मी फळंच खाणार की."

"आणि नेसून काय बसणार, तम्मा?" धाकट्या भावाला त्या कानडी वळणाने तम्माच म्हणत.

पद्मनाभने नजर चुकवली. त्याने नजर चुकवली की अंबूताई सावध होत.

"कोट, पॅंट, गळ्यात टाय," तो शेवटी म्हणाला. "धोतर दिसलं की दारातच अडवतात. बूटही काढायचे नाहीत."

अंबूताईंना हे पटेचना. या घरात पुरुष जेवायला बसताना अंगातला सदरासुद्धा उतरवत. अप्पा तर मुकटा, म्हणजे सोवळ्याचं रेशमी वस्त्र, नेसल्याशिवाय पानाला हात लावत नसत. आणि इथे जेवायला म्हणून उलट कपडे चढवायचे, पायात चामडं ठेवायचं! एवढं झाकूनपाकून जेवायचं तर ताटात नक्कीच काहीतरी झाकण्यासारखं असणार.

त्यात मंगळवारी अप्पांचं श्राद्ध होतं. पोटात भलतंसलतं गेलेल्या मुलाने पिंड कसा द्यायचा? आणि त्याने नाही दिला तर देणार कोण? अप्पांना दुसरा मुलगा नव्हता.

"जाऊ नकोस."

"न जाऊन कसं चालेल, अक्का? तुझी शपथ, काही खाणार नाही वावगं."

शपथ घेणाऱ्यांवर तर अंबूताईंचा मुळीच विश्वास नव्हता.

रविवारी पद्मनाभने कपडे करायला खोलीचं दार लावून घेतलं. या घरात दार कधी लागत नसे. बाहेर आला तेव्हा पॅंट कमरेपाशी फुगलेली, चाल अवघडलेली. बहिणीकडे न बघताच तो गेला. अंबूताईंनी हे सगळं मनात टिपून ठेवलं.

थोड्या वेळाने काठीने सोवळ्याची वस्त्रं काढायला गेल्या, तर दांडीवर अप्पांचा मुकटा नव्हता. दर श्राद्धाला पद्मनाभ नेसायचा तो, डाळिंबी रंगाचा, अप्पांच्या वापरातला. त्यांनी घर उलथंपालथं केलं. आणि मग आठवलं. गेल्या महिन्यातच पद्मनाभ हसत सांगत होता, साहेबाच्या मडमेला जुन्या रेशमाचा फार नाद, त्याच्या उशा करते. साहेब जाताना कुणाच्या तरी बढतीची शिफारस करून जाणार होता, हेही त्याच दिवशी बोलला होता. आता सगळं उघड होतं. फुगलेली कमर, लावलेलं दार! कमरेला गुंडाळून नेला मेल्यानं! बापाचं सोवळं मडमेच्या खुर्चीवर!

त्या भिंतीला टेकून रडल्या. दिवसातून एकदाच जेवायच्या, पण ते पान तसंच राहिलं.

ऊन उतरायच्या आत पद्मनाभ परसदारी आला. अंबूताई उंबऱ्यात आडव्या उभ्या.

"मुकटा कुठंय?"

 त्याने तिथेच विहिरीपाशी बूट काढले, कोट टाकला, टाय ओढला, पॅंटची बटणं सोडली. अंबूताईंनी तोंड फिरवलं आणि पुन्हा वळवलं. आत मुकटा होता. नीट काष्टा मारून नेसलेला, घामाने भिजून अंगाला चिकटलेला.

"दारात अडवतील म्हणून वरून पॅंट," पद्मनाभ म्हणाला, "आणि तू विचारशील म्हणून आतून हा. अप्पांना बरोबर घेऊनच बसलो होतो, अक्का. दोन केळी खाल्ली. बाकीचे जेवत होते, मी घाम पुसत होतो." आता त्याने बहिणीकडे सरळ पाहिलं. "तुला कधीच का गं खरं वाटत नाही माझं?"

अंबूताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी विहिरीचं पाणी काढून दिलं आणि स्वतःचं पान त्याच्यापुढे सारलं.

मुकटा धुताना काठाशी एक काळा डाग सापडला. त्यांनी वास घेतला. बुटाचं पॉलिश. काष्ट्याचा सोगा सुटून खाली उतरला असणार आणि चामड्याला घासला असणार. रिठा चोळून चोळून बोटं सोलली, पण डाग काही गेला नाही. चामडं लागलेलं वस्त्र श्राद्धाला चालत नाही, हे केशवापुरात त्यांच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक होतं? तरी त्यांनी मुकटा काठीने उचलला आणि दांडीवर वाळत घातला.

मंगळवारी श्राद्ध सांगायला बाळाचार्य आले. पद्मनाभ मुकटा नेसून पाटावर बसला, आणि आचार्यांची नजर काठावर जाऊन थांबली.

"हा डाग कसला?"

पद्मनाभने खाली पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"समईची काजळी," स्वयंपाकघराच्या दारातून अंबूताई म्हणाल्या. "माझ्याच हातून लागली."

"काजळी अशी चकाकते होय?"

"आचार्य," अंबूताई शांतपणे म्हणाल्या, "माझा संशय येतो तुम्हाला?"

ज्यांना अंबूताई घरात शिरताना दोनदा पाय धुवायला लावत, ते बाळाचार्य ओशाळले. छे छे म्हणत त्यांनी दर्भ पुढे केला, आणि पद्मनाभने अप्पांना पिंड दिला.