जमादारांची छत्री

"चिखलात बुडवा, काढा, झटका. चालू!"

हे म्हणताना जमादारांच्या हातात छत्री असायची. काळी, वाकड्या मुठीची, उन्हाळ्यातसुद्धा सोबत. ती उलटी धरायची, टोक समोरच्या लिंबाच्या बुंध्यावर रोखायचं, आणि वाकडी मूठ म्हणजे मॅगझिन समजायची. खऱ्या रायफलीत मॅगझिन मधोमध असते आणि छत्रीची मूठ टोकाला, एवढा फरक आपण चालवून घ्यायचा.

पालममध्ये माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीपुढे पत्र्याच्या सावलीत दोन खुर्च्या असतात. एकीवर माझा नवरा. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला, पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच. दुसरी खुर्ची जमादारांची. दुपारी चारच्या ठोक्याला ते यायचे. "जय भीम, वहिनी. जय हिंद, मेजर." ते पोलीस खात्यातले, गडचिरोलीच्या जंगलात हातात एके सत्तेचाळीस घेऊन फिरलेले. माझ्या नवऱ्याने बर्फात फौजेची इन्सास रायफल वागवलेली. तेवढ्या भांडवलावर चार ते सहा, सहा वर्षं, दोघांचं भांडण चाललं.

नवऱ्याची इन्सास म्हणजे माझी पट्टा चढवायची काठी. मोटरीचा पट्टा घसरला की मला बाहेर जाऊन रायफल परत मागावी लागायची.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. निवृत्तीनंतर एकच विषय उरलेली, आणि तो रोज नव्याने काढणारी. फरक एवढाच की आमच्याकडे तो विषय माझ्या दळणाच्या डब्यांच्या रांगेत चालायचा. त्यामुळे ज्वारी टाकायला आलेल्या बायकांनाही माहीत झालं, की एकेचे भाग सैल बसवलेले असतात, म्हणून माती जाते तशी बाहेर पडते. पण लांबचा नेम तिचा नाही. इन्सासचा नेम सरळ, खांद्याला धक्का कमी; पण तिला रोज पुसा, तेल द्या, लाड करा. इन्सासची मॅगझिन आरपार दिसते, आत गोळ्या किती राहिल्या ते कळतं. एकेची पोलादी. आत काय आहे ते झाडणाऱ्यालाच ठाऊक.

"वहिनी, तुमी इन्साफ करा," जमादार म्हणायचे. "दोन चक्क्या हायत. एक लय बारीक दळती, पण रोज नखरे. दुसरी जाडंभरडं दळती, पण खडा गेला तरी थांबत न्हाई. कोणती घ्याल?"

"गिऱ्हाईक कोण हाय त्यावर हाय."

"बगा मेजर, वहिनी फितूर झाल्या."

"ती माझ्या बाजूनं बोलली," नवरा म्हणायचा.

"तुमच्या बाजूनं? जाडंभरडं खाऊन तर जिते हाव तुमी!"

आणि नवरा हसायचा. मोठ्याने, मान मागे टाकून.

सरळच सांगते, मला जमादारांचा हेवा वाटायचा. नवऱ्याची अर्धी नोकरी मी फोनवर काढली. फोन म्हणजे काय? "ठीक आहे. तू? बरं. ठेवतो." वाटलं, घरी आल्यावर बोलेल. घरी आल्यावर तो "हं" म्हणायला लागला. भाजीत मीठ जास्त झालं तरी हं, पोरीचं लग्न ठरलं तरी हं. आणि हाच माणूस पावणेचारला खुर्ची बाहेर काढायचा, फडक्याने पुसायचा, परत एकदा पुसायचा. माझ्यासाठी त्याने आजवर पाटसुद्धा सरकवलेला नाही. आरपार मॅगझिनची बाजू घेणाऱ्या माणसाच्या आतलं मला काही दिसत नव्हतं.

जमादारांच्यात एवढं काय होतं? शर्टाचं एक बटण कायम वेगळ्या रंगाचं. चपलेला तार बांधलेली. सायकलला घंटी नव्हती, तोंडाने "बाजू, बाजू" करत यायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, स्वतःच्या हाताने करून खायचे आणि करपलेलं कौतुकाने सांगायचे. त्यांचं सगळंच एकेसारखं, दिसायला ओबडधोबड आणि कधी न अडणारं.

एक दिवस दळण चालू असताना वीज गेली. पट्टा फडफडत थांबला. गिरणीची घरघर बंद झाली की कानात एकदम पोकळी होते, तुम्ही गिरणीत उभे राहिला असाल तर माहीत असेल. त्या पोकळीत नवऱ्याचा आवाज आला.

"...हातमोजा काढला. मॅगझिनच्या तोंडावर बर्फ धरला होता, ती बसंना. बाजूच्या पोराची बोटं तर पार आखडलेली. त्याचीबी मॅगझिन मीच साफ केली. उघड्या बोटानं खरवडत बसलो. त्याची बोटं वाचली. माझी दोन गेली."

"एके असती तर—" जमादार म्हणाले.

"बर्फाला रायफल कळत न्हाई, जमादार."

माझ्या नवऱ्याच्या डाव्या हाताची दोन बोटं शेंड्याला आखूड आहेत. मला त्याने सांगितलं होतं, ट्रकच्या फाळक्यात सापडली. वर्षानुवर्षं मी तो फाळका खरा मानला. त्या न पाहिलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला मी मनातून शिव्याही घातल्या होत्या.

वीज आली. मी मोटर चालू केली नाही. पिठाने भरलेल्या हातांनी भिंतीला टेकून ऐकत राहिले, पण ते पुन्हा एकेच्या नेमावर घसरले होते.

दुसऱ्या दिवशी नवरा नवा पट्टा आणायला एसटीने गंगाखेडला गेला. चारला जमादार आले.

"जमादार, यांच्या बोटांचं तुमाला कधीपासून ठाऊक हाय?"

"कोणती बोटं?" ते म्हणाले. पोलीस खात्यात इतकी वर्षं काढून त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.

"उद्यापासून तुमच्या ओट्यावर बसत जा. इथं गिऱ्हाइकांना अडचण व्हायलीय."

त्या वेळी गिरणीत एकही गिऱ्हाईक नव्हतं. जमादारांनी इकडेतिकडे पाहिलं, छत्री काखेत धरली आणि गेले. सायकल ढकलत. "बाजू, बाजू" न म्हणता.

आठ दिवस ते आले नाहीत. नवरा रोज पावणेचारला दोन खुर्च्या काढायचा, दुसरी पुसायचा, आणि सहाला दोन्ही उचलायचा. मला एका शब्दाने विचारलं नाही. मला वाटलं होतं, जमादार गेले की ते दोन तास माझ्या वाट्याला येतील. वाट्याला आला तो हं, तोही कमी झालेला.

नवव्या दिवशी मी जमादारांच्या घरी गेले. ते चुलीपुढे बसून भाकरी थापत होते. चांगली गोल होती, मेली.

"चला," मी म्हटलं. "खुर्ची रिकामी हाय."

"वहिनी, रागावला न्हाईत ना?"

"रागावले हाय. माझ्या नवऱ्यानं मला न सांगता तुमाला सांगितलं. मी काय परकी हाय?"

जमादारांनी भाकरी तव्यावर टाकली. "मला कुठं सांगतोय त्यो? त्यो रायफलीला सांगतोय. आमाला माणसाकडं तोंड करून बोलता येत न्हाई. मी नुसता छत्री धरून बसतो. तुमीबी धरा की."

"मला हाय का तेवढी सवड?"

"मग राहिलं," ते म्हणाले आणि भाकरी उलटली.

चारला ते हजर. "जय भीम, वहिनी," जरा जास्तच मोठ्याने. नवरा उठून उभा राहिला. मी मोटर चालू केली, कारण मला ते हसू ऐकायचं नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षं माझी चिडचिड तशीच राहिली. समेट झाला म्हणून हेवा जात नाही. फक्त आता मी त्यांच्या चहात साखर नीट घालायला लागले. आणि अधूनमधून, गिरणीचा दगड तापला असं सांगून, मोटर बंद ठेवायला लागले.

मागच्या उन्हाळ्यात जमादार छातीत दुखतंय म्हणून मुलीकडे नांदेडला गेले. "दोन दिवसांत येतो. मेजर, तवर इन्सास पुसून ठिवा," असं म्हणाले आणि छत्री आमच्याच खुंटीला विसरून गेले. ते परत आले नाहीत. नवरा मातीला जाऊन आला, आंघोळ केली, जेवला. हं सुद्धा म्हणाला नाही.

दोन महिने तो पावणेचारला दोन्ही खुर्च्या काढत राहिला.

एका दुपारी मी मोटर बंद केली. पुढच्या आळीतली एकजण दळणाला बसली होती. "कामून बंद केली वं?"

"दगड तापलाय."

खुंटीवरची छत्री काढली, बाहेर आले, जमादारांच्या खुर्चीत बसले. छत्री उलटी धरून लिंबाकडे रोखली.

"एकेच चांगली," मी म्हटलं. "खडा गेला तरी थांबत न्हाई."

नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कुणाचे तरी कपडे घालून बाहेर आले होते. मग त्याने हात पुढे केला आणि आखूड बोटांनी माझा पंजा छत्रीवर दोन इंच मागे सरकवला.

"हिथं न्हाई. जमादार हिथं धरायचे."

जमादार. त्यांच्या खुर्चीत मी बसलेली, आणि तरी जमादार.

तो उठला. वाटलं, घरात गेला. पण तो गिरणीत गेला आणि पट्टा चढवायची काठी घेऊन आला. बसला, ती मांडीवर आडवी ठेवली, डावा हात तिच्यावर ठेवला.

"हातमोजा असला की असं धरता येत न्हाई," तो म्हणाला.

आतून त्या बाईने विचारलं, "माझी ज्वारी व्हायली का न्हाई?" मी हातानेच तिला थांब म्हटलं.

पुढचं सगळं तो काठीकडे बघून बोलला. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. मी छत्री धरून बसले.