तीन कुलपांची पेटी

नोकरीत चोरीचे तपास पुष्कळ केले आणि त्यांतले बरेचसे विसरूनही गेलो. तीन कुलपांच्या एका पेटीचे प्रकरण मात्र अजून डोक्यातून जात नाही.

पुण्याहून शिकायला म्हणून न्यूझीलंडला आलो आणि पुढे इथल्याच पोलीस दलात लागलो. ऑकलंडमध्ये माउंट रॉस्किल भागात असताना ठाण्यात मराठी समजणारा मी एकटाच होतो. २०१५च्या हिवाळ्यात एका सोमवारी काउंटरवरून फोन माझ्याकडे वळवला गेला. पलीकडे मराठी बाई होती, नाव सांगायला तयार नव्हती. बायकांच्या बचत गटाचे पैसे गेलेत, म्हणाली. "पेटी फोडलेली नाही, उघडलीय. आणि साहेब, जिला मिळायचे होते तिलाच आधी विचारा. घरच्यांना नको." एवढे बोलून तिने फोन ठेवला.

गटात नऊ बायका होत्या. कोणी ऑफिसांची सफाई करणारी, कोणी कॅन्टीनमध्ये, एक डेअरीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, काउंटरला. गट सुरू करणाऱ्या ताई विदर्भातल्या. त्यांच्या आईने गावात बचत गट चालवला होता. गटाच्या कर्जावर शेळ्या घेऊन, पिठाची गिरणी टाकून बायका कशा उभ्या राहिल्या, हे ताईंनी लहानपणी पाहिले होते. वेलिंग्टनला एका सरकारी कार्यक्रमात त्यावर त्यांचे भाषणही झाले होते. गावाकडचीच पद्धत त्यांनी इथे आणली. लोखंडी पेटीला तीन कुलपे, तीन चाव्या तिघींकडे, एकटीने पेटी उघडायची नाही. पेटी ताईंच्या गॅरेजमध्ये असे. एक चावी ताईंकडे, दुसरी डेअरीतल्या बाईंकडे आणि तिसरी ज्यांना या वेळी पेटीतून कर्ज मिळायचे होते त्या बाईंकडे.

या बाई महाराष्ट्रात नर्स होत्या. इथे तेवढ्यावर भागत नाही, नोंदणीसाठी कोर्स करावा लागतो आणि त्याची फी जबर असते. तोवर त्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालणे, भरवणे अशी कामे करत होत्या. कोर्सला जागा मिळाली होती, फी शुक्रवारपर्यंत भरायची होती. इंग्रजीच्या परीक्षेच्या निकालाची मुदतही संपत आली होती, त्यामुळे ही संधी गेली की सगळे पहिल्यापासून. गटाने कर्ज मंजूर केले. रविवारी सगळ्यांसमोर पेटी उघडली तर आत काही नव्हते.

मंगळवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. दार बाईंनीच उघडले. मी विचारले, "मिस्टर आहेत का घरात?"

मिस्टर होते. आयटीतला माणूस, बोलायला गोड. पाऊण तास मी त्याचा जबाब लिहून घेतला. ताईंच्या गॅरेजचे दार नीट लागत नाही, गटात दोघी-तिघींचे पटत नाही, असे त्याने बरेच काही सांगितले. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्याशी मी एकच वाक्य बोललो, "माझ्या चहात साखर नको." फोनवर बजावलेले मी विसरलो होतो असे नाही. पण आधी घरातल्या पुरुषाशी बोलायचे, ही रीत मीही ताईंच्या पेटीसारखीच गावाकडून इथवर आणली होती.

कुलपांवर ओरखडा नव्हता, म्हणजे चाव्याच वापरल्या होत्या. बुधवारी ताईंना आणि डेअरीतल्या बाईंना ठाण्यात बोलावून वेगवेगळे बसवले. खोटे बोलायची सवय नसलेला माणूस खोटे बोलताना प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. "चावी माझ्याकडेच होती," हे ताईंनी तसेच सांगितले. दुसऱ्या खोलीत डेअरीतल्या बाईंनी तोंड उघडले आणि मी आवाज ओळखला.

"सोमवारचा फोन तुमचा होता," मी म्हणालो.

त्या रडायलाच लागल्या. "शनिवारी तिचे मिस्टर दुकानात आले होते, साहेब. म्हणाले, ती ड्युटीवर आहे, फी आजच भरायचीय, चावी द्या. तिचा नवराच तो. त्याला कसं नाही म्हणायचं?"

मग ताईंनीही कबूल केले. त्यांनी तर चावी देऊन गॅरेजही स्वतः उघडून दिले होते आणि वर, कुलपे नीट लावून ठेवा, असे सांगून त्या कामाला निघून गेल्या होत्या. तिसरी चावी त्याने बायकोच्या पर्समधून घेतली होती. बायकांनी एकमेकींसाठी इतका कडक नियम केला, आणि एका नवऱ्याला तिन्ही चाव्या एका दुपारी मिळाल्या. रविवारी बाईंना पैसे मिळालेलेच नाहीत हे पाहून दोघींना सगळे उमगले, पण तिचा संसार मोडेल म्हणून त्या गप्प बसल्या.

नवऱ्याने फारसे आढेवेढे न घेता कबुली दिली. पुण्यातल्या भावाच्या फ्लॅटसाठी पैसे हवे होते. "तिच्या नावावरचं कर्ज म्हणजे आमच्या घरचंच ना," असे तो मलाच समजावत होता. मग मी बँकेचे कागद पाहिले. मंगळवारी संध्याकाळपर्यंत पैसे त्याच्या खात्यातच होते. मी चहा पिऊन निघालो आणि तासाभरात त्याने ते भारतात पाठवले.

गुरुवारी मी पहिल्यांदा एकट्या बाईंशी बोललो. मंगळवारी विचारले असते तर सांगितले असते का, असे विचारले. "सांगितलं असतं. पर्समधली चावी हललेली मला कळली होती." पुढे त्या म्हणाल्या, "आता केस नको, सर. माझा व्हिसा त्यांच्या व्हिसावर आहे. मुलगी इथं शाळेत जाते." कायदा बाईंच्या बाजूने आहे, हे मी परोपरीने सांगितले. मदतीचे नंबर लिहून दिले. त्यांनी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. गटानेही तक्रार केली नाही, आम्ही नवऱ्याला ताकीद देऊन फाईल बंद केली. शुक्रवारी कोर्सची जागा गेली. ताई नको नको म्हणत असताना, हाती न आलेले ते कर्ज बाईंनी पगारातून फेडले, असे नंतर कानावर आले.

पुढे नव्या पोलिसांना शिकवताना मी एक गोष्ट हमखास सांगत असे. ज्याचे नुकसान झाले त्याला आधी आणि एकट्याला विचारा. हे मी कुठे शिकलो, ते मात्र कधी सांगितले नाही. लाज वाटायची.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका जुन्या सहकाऱ्याला भेटायला वृद्धाश्रमात गेलो होतो. चहाची ट्रॉली ढकलत त्याच बाई आल्या. अंगात अजूनही मदतनिसाचाच अंगरखा, केस पिकलेले. मी कोर्सचे विचारले. "राहिलं ते, सर," त्या म्हणाल्या. मला माफी मागायची होती. शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्यांनी एक कप माझ्यासमोर ठेवला.

"बिनसाखरेचा आहे," त्या म्हणाल्या. "लक्षात आहे माझ्या."