पाठमोऱ्या आईचा फोटो

मंडळी, आज सकाळी टार्निट स्टेशनबाहेर मैत्रिणीला भेटायचे होते. मी पोचले तेव्हा ती बाकावर बसली होती आणि एक तरुण मागून तिचे फोटो काढत होता. शहरातले रोजचे जगणे टिपतो म्हणे.

"तिला विचारलंस का?"

"काकू, विचारलं की मजा जाते."

"मजा कोणाची रे?"

तो हसला आणि गेला.

दुपारी त्याच्या पेजवरचा तो फोटो फिरत फिरत माझ्या फोनवर आला. खाली इंग्रजीत लिहिले होते, 'घरच्यांनी विसरलेली आई'. त्यात स्पेलिंगच्या दोन चुका. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरने बोटांवर पट्टी मारली असती.

मी संतापून मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, पहिली कमेंट वाच."

कमेंट तिच्याच मुलाची होती. "सुपर शॉट, मेट! डोळ्यांत पाणी आलं. मित्रांनो, आईवडिलांना वेळ द्या."

आठ वर्षे ती त्याच्याच घरात राहते. फोटोतले जॅकेटही त्याचेच जुने आहे, पाठीवर त्याच्या युनिव्हर्सिटीचे नाव असलेले.

"मी सांगते त्याला," मी म्हटले.

"नको गं. किती दिवसांनी माझ्याबद्दल चांगलं बोललाय."

म्हणून मी नावे लिहिलेली नाहीत. तो या ग्रुपमध्ये आहे. हेही वाचेल, लाइक करेल आणि ओळखणार नाही.

बाकीच्यांनो, तुमचे जुने जॅकेट सध्या कोणाच्या अंगावर आहे?